चॉकलेटची तोफ जरूर करा, पण पाण्याच्या पाइपात हवा कोंडू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलांच्या वाढदिवसाला खोईबॅग टांगायची, ती फोडायची आणि खाली पडलेल्या चॉकलेटांवर मुलांनी झडप घालायची, ही पद्धत मुंबईत आता जुनी झाली. तिच्या जागी गेल्या काही महिन्यांत आमच्या लालबाग-परळ भागातल्या तीन वाढदिवसांना मी घरी बनवलेली हवेची तोफ पाहिली. प्लंबिंगचा चार इंची पाइप, एका टोकाला सोल्युशनने चिकटवलेले टोपण, टोपणाला भोक पाडून बसवलेला टायरचा व्हॉल्व्ह, दुसऱ्या टोकाला रिड्यूसर, म्हणजे मोठ्या पाइपाला लहान नळी जोडणारा तुकडा, त्यापुढे बॉल व्हॉल्व्ह, म्हणजे उघडझाप करायचा कॉक, आणि मग दोन इंची नळी, एवढाच तिचा ऐवज असतो. पायपंपाने मागच्या पाइपात हवा कोंडायची, पुढच्या नळीत मूठभर चॉकलेटे भरायची आणि कॉक झटक्यात उघडायचा. चॉकलेटे आभाळात उडतात, मुले आनंदाने ओरडतात आणि ज्या काकाने किंवा मामाने ती तोफ केली त्याच्याभोवती सगळे गोळा होतात. हा आनंद खरा आहे आणि तो मुलांना मिळावा असेच मला वाटते. परंतु या तिन्ही तोफांच्या रचनेत एक चूक समान होती, ती जिवावर बेतू शकते, आणि ती टाळून तोच आनंद देणारी तोफ करता येते, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी ३४ वर्षे लोकल गाड्यांच्या ब्रेकच्या हवेवर काम केले. गाडीच्या ब्रेक पाइपात दर चौरस सेंटिमीटरला ५ किलो दाब असतो. आम्ही कामगार त्याला नुसते ‘पाच किलो हवा’ म्हणतो. ही हवा ज्या टाक्यांत साठवतात त्या पोलादी असतात, त्यांच्यावर सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, आणि ठरावीक मुदतीने त्या उतरवून त्यांची पाण्याच्या दाबावर तपासणी होते. हवेच्या टाकीची तपासणी पाण्याने का करतात, असा प्रश्न नवीन मुले आम्हाला विचारत असत, आणि त्या प्रश्नाच्या उत्तरातच माझे सगळे म्हणणे आहे. पाणी दाबले तरी जवळजवळ आकसत नाही. त्यामुळे पाण्याने भरलेली टाकी दाबाखाली तडकली, तर तडकेतून एक चिळकांडी उडते आणि दाब तिथल्या तिथे शून्यावर येतो. हवेचे तसे नसते. ती स्प्रिंगसारखी आकसून बसते, आणि भांडे फुटले की आपल्या मूळ आकाराला येईपर्यंत वाटेत येईल ते ढकलत, फेकत जाते. म्हणूनच जो पाइप दहा मजली इमारतीत पाण्याचा दाब वर्षानुवर्षे सहन करतो, तो हवेसाठीही चालेल हा तर्क मुळातच चुकीचा आहे.

आकड्यांत सांगायचे तर एक मीटर लांबीच्या चार इंची पाइपात साधारण साडेआठ लिटर जागा असते. त्यात चार किलो हवा भरली, म्हणजे मोटारीच्या टायरमध्ये असते त्याच्या पावणेदोन पट दाब झाला. साधा पायपंप हा दाब सहज देतो. या दाबाने टोकाच्या टोपणावर आतून ३४० किलोचा भार येतो. चार-पाच धडधाकट माणसे त्या टोपणावर एकाच वेळी उभी आहेत असे समजा. आणि त्यांना पेलणारी वस्तू काय, तर ब्रशने फिरवलेला सोल्युशनचा एक थर. पाइप फुटलाच तर आत साठलेली ऊर्जा एका क्षणात सुटते, आणि स्थूल हिशेबाने ती पन्नास किलोची सिमेंटची गोणी चार-साडेचार मीटर उंचीवरून, म्हणजे पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून, खाली टाकण्याइतकी भरते. तोफ चालवणारा माणूस हा पाइप बहुतेक वेळा काखेत धरतो, आणि मुले त्याच्या भोवती कोंडाळे करून उभी असतात.

पाइपाविषयीही थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण दुकानदार ‘हा दहा किलोचा आहे’ असे सांगतो आणि घेणारा निश्चिंत होतो. पिण्याच्या पाण्याच्या पीव्हीसी पाइपांसाठी आपल्याकडे आयएस ४९८५ हे मानक आहे, आणि पाइपावर छापलेला दाब त्या मानकानुसार पाण्यासाठी व २७ अंश सेल्सिअस तापमानाला धरलेला असतो. मे महिन्याच्या दुपारी गच्चीवर तासभर पडलेल्या पाइपाला हात लावला तर चटका बसतो; त्या तापमानाला त्याची ताकद झपाट्याने उतरलेली असते. उन्हात महिनोन्‌महिने राहिलेला पाइप तर ठिसूळ होतो. सांडपाण्याचा आणि पावसाळी पाण्याचा पाइप आयएस १३५९२ या वेगळ्या मानकाचा असतो. तो उतारावरून वाहणाऱ्या पाण्यासाठी असल्याने दाब सोसण्यासाठी बनवलेलाच नसतो. मी पाहिलेल्या तीन तोफांपैकी दोन या सांडपाण्याच्या पाइपाच्या होत्या, कारण इमारतीच्या दुरुस्तीनंतर त्याचेच तुकडे गच्चीवर पडून राहतात. शिवाय पोलादी टाकी निकामी होताना बऱ्याचदा आधी फुगते किंवा गळू लागते, परंतु पीव्हीसी पाइप काहीही सूचना न देता काचेसारखा तुकडे होऊन फुटतो. अमेरिकेतील कामगार सुरक्षा खात्याने १९८८ सालीच या पाइपांत दाबाची हवा वापरण्याविरुद्ध इशारा दिला होता.

हे सर्व माहीत असूनही माझ्याच घरात हा प्रकार घडला, आणि तो मी लपवू इच्छित नाही. गेल्या मे महिन्यात नातीचा सातवा वाढदिवस होता. माझ्या भाच्याने आदल्या रात्री तोफ जोडली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघे चाचणी घेण्यासाठी गच्चीवर गेलो. पाइप करड्या रंगाचा, सांडपाण्याचा होता, हे मला दिसले. टोपण आदल्या रात्रीच चिकटवले आहे, हे मला त्याने सांगितले. तरीही ‘दोन-तीन किलोच तर हवा आहे’ असे म्हणून मी त्याला अडवले नाही. पहिले दोन बार उत्तम गेले. तिसऱ्या वेळी तो पंप मारत असतानाच फटाका फुटावा तसा आवाज झाला. टोपण सुटून पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर आपटले आणि त्याच वेळी पाइपाची एक बाजू उभी तडकून तिचे तुकडे उडाले. भाचा पंपावर वाकलेला होता, म्हणून ते त्याच्या डोक्यावरून गेले. शेजारच्या दोरीवर कोणीतरी गोधडी वाळत घातली होती. फुटलेल्या करवंटीच्या कपचीएवढा, कडेला सुरीसारखी धार असलेला एक तिरकस तुकडा त्या गोधडीच्या चारही पदरांतून आरपार जाऊन मागच्या बाजूने बोटभर बाहेर आला होता. तो मी हाताने ओढून काढायला गेलो तर निघेना. शेवटी पकड आणावी लागली. गोधडी जिथे होती तिथे, त्याच उंचीला, चार तासांनंतर मुले रांगेत उभी राहणार होती. तो तुकडा मी अजून जपून ठेवला आहे आणि तोफ करायला निघालेल्या प्रत्येकाला दाखवतो.

२०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात कार्बाइड गन नावाच्या घरगुती बंदुकीमुळे अनेक मुलांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाल्याच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या. तिच्यात कॅल्शियम कार्बाइड व पाणी एकत्र आल्याने निर्माण होणारा वायू पेटवला जात होता, त्यामुळे तिची आणि हवेच्या तोफेची जात एक नाही, हे मी मान्य करतो. परंतु तोच प्लास्टिकचा पाइप, पाहून पाहून घरीच केलेली तीच जोडणी, आणि नळीच्या तोंडाशी डोळा नेऊन ‘का उडाले नाही’ म्हणून पाहणारे तेच मूल, या तीन गोष्टी दोन्हीकडे सारख्याच आहेत.

तेव्हा तोफच नको, असे काही वाचक म्हणतील. मला ते पटत नाही. डोक्यावरून खाऊचा वर्षाव व्हावा आणि तो वेचण्यासाठी पोरांची झुंबड उडावी, ही आपल्या घरांतली फार जुनी हौस आहे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आपण लहानग्यांचे बोरनहाण करतो; बोरे, चुरमुरे, हलवा, उसाचे करवे, तिळाच्या रेवड्या आणि अलीकडे चॉकलेटे त्यांच्या डोक्यावरून ओततो, आणि जमलेली मुले ती ओच्यात, खिशांत भरतात. चॉकलेटची तोफ ही त्याच हौसेची आजची तऱ्हा आहे. त्यातून ती घरी, आईबापांच्या हाताखाली जोडली जात असेल, तर मुलांना करवत कशी धरावी, जोड कसा बसवावा, हवा म्हणजे काय, हे सगळे हाताने कळते. म्हणून हवा कोंडण्याऐवजी वाहती ठेवणारी तोफ कशी करावी, हे मी नीट सांगतो. वाहत्या हवेत दाब साठतच नाही, त्यामुळे फुटण्यासारखे काही उरत नाही.

पंखे, संगणक व यंत्रे साफ करण्यासाठी जो हातात धरायचा पाचशे-सहाशे वॅटचा ब्लोअर मिळतो, तो या कामाला पुरेसा आहे. मुंबईत लोहार चाळीच्या किंवा नागदेवी स्ट्रीटच्या बाजारात तो सहज मिळेल, आणि पुष्कळांच्या घरी असतोही. त्याशिवाय दोन इंची पाइपाचा सव्वा मीटरचा सरळ तुकडा आणि त्याच मापाचा वाय जोड, म्हणजे तिरक्या फाट्याचा जोड, लागतो. वाय जोडाच्या सरळ रेषेत खालून ब्लोअरची तोटी, वरून सव्वा मीटरचा पाइप, आणि तिरक्या फाट्यात चॉकलेटे टाकण्यासाठी एक वीतभर तुकडा, अशी जोडणी आहे. येथे हवेचा दाब टिकवायचा नसल्याने सोल्युशनचीही गरज नाही. जोड दाबून बसवले आणि चिकटपट्टी गुंडाळली की झाले, आणि कार्यक्रम संपल्यावर सर्व सुटे करून माळ्यावर ठेवता येते. तोटीभोवतीची फट फोमच्या पट्टीने बुजवावी, परंतु ब्लोअरची हवा आत ओढणारी जाळी कशानेही झाकली जाऊ नये, अन्यथा मोटर तापते.

यातली एकच गोष्ट हमखास चुकते. ब्लोअरची तोटी फाट्याच्या अलीकडे थांबली, तर हवा फाट्यातूनच उलटी बाहेर येते आणि टाकलेली चॉकलेटे टाकणाऱ्याच्या तोंडावर उडतात. तोटी आत सरकवून तिचे तोंड फाट्याच्या दोन-तीन बोटे पुढे न्यावे. मग तोटीतून वेगाने निघालेली हवा फाट्यातली हवा स्वतःबरोबर ओढून नेते आणि चॉकलेट आपोआप आत खेचले जाते. फाट्याच्या तोंडावर कागदाचा कपटा धरून पाहावा. तो आत ओढला गेला तर जोडणी बरोबर आहे. पाइप दोन इंचांपेक्षा मोठा घेऊ नये, कारण रुंद पाइपात हवेचा वेग मंदावतो आणि चॉकलेट उचललेच जात नाही. आम्ही पहिल्यांदा तीन इंची घेतला होता, त्यात ते तळाशीच थरथरत राहिले. दोन इंची पाइपात चार ग्रॅमचे, दोन्ही टोकांना कागद पिळलेले चॉकलेट पाइपाच्या तोंडापासून दीड ते दोन मीटर वर जाऊन खाली येते. त्याहून उंच ते जात नाही आणि जाण्याची आवश्यकताही नाही. चालू ब्लोअरच्या पाइपाचे तोंड तळहाताने घट्ट बंद करता येते. कोंडलेल्या हवेच्या तोफेपुढे हात धरण्याची कल्पनाही करवत नाही.

वेगातला फरकही लक्षात घ्यावा. ब्लोअरच्या तोफेतून चॉकलेट सेकंदाला सहा-सात मीटर वेगाने निघते, म्हणजे आपण हाताने वर उडवतो तसे. कोंडलेल्या हवेच्या तोफेत चॉकलेटे नळीत घट्ट बसली आणि कॉक झटक्यात उघडला, तर सेकंदाला ४० मीटर वेग गाठणे अवघड नाही. हा वेग ताशी १४४ किलोमीटर होतो. वेगवान गोलंदाजाचा चेंडू या वेगाने येतो आणि त्याच्यासमोर फलंदाज हेल्मेट घालून उभा राहतो. वेग सहापट झाला की मार सहापट होत नाही, तो छत्तीसपट होतो. कडक गोळी त्या वेगाने मुलाच्या डोळ्यावर बसली तर काय होईल, हे सांगण्याची गरज नसावी.

ब्लोअरची तोफसुद्धा चालवताना नळी नेहमी आभाळाकडे उभी असावी आणि मुलांकडे कधीही वळवू नये. ती हातात धरण्यापेक्षा खुर्चीच्या पाठीला बांधावी. तिच्याभोवती खडूने दोन-अडीच मीटरचे रिंगण आखून मुलांना त्याबाहेर ठेवावे, आणि ब्लोअर बंद केल्यावरच ‘वेचा’ म्हणून सांगावे. नाहीतर मोठी मुले धावत येतात आणि धाकटी त्यांच्या पायाखाली सापडतात. शक्य असेल तर पहिली फेरी लहानांची आणि दुसरी मोठ्यांची ठेवावी. मुंबईतल्या घरांत हा खेळ दिवाणखान्यात करण्याचा मोह होतो, पण आपल्याकडे छत नऊ-साडेनऊ फुटांवर असते आणि मधोमध पंखा फिरत असतो. पंख्याच्या पात्याला लागलेले चॉकलेट कोणत्या दिशेला आणि किती वेगाने जाईल याचा नेम नसतो. चाळीचा चौक किंवा सोसायटीचे आवार हीच योग्य जागा आहे. तिथे वीज घेताना वायर ओल्या फरशीवरून नेऊ नये आणि मुलांच्या धावण्याच्या वाटेत आणू नये.

खाऊची निवड हाही मोठा विषय आहे आणि तोफेच्या नादात त्याच्याकडे दुर्लक्ष होते. लिमलेटसारख्या कडक, गोल, गुळगुळीत गोळ्या चार वर्षांखालील मुलांच्या हाती मुळीच पडू नयेत. त्या घशात अडकून श्वास बंद होऊ शकतो. शेंगदाणे, बिया न काढलेली बोरे आणि जेलीच्या गोळ्या यांचेही तसेच आहे. त्यातही तोंड वर करून, धावत, हसत खाणारे मूल अधिक धोक्यात असते. म्हणून उडवलेला खाऊ आधी पिशवीत भरायचा आणि बसून खायचा, हे मुलांना कार्यक्रमाच्या आधीच सांगून ठेवावे. कागदात गुंडाळलेले चपटे, मऊ चॉकलेट तोफेला सर्वांत बरे. वेष्टन नसलेली कोणतीही वस्तू उडवू नये, ती जमिनीवरूनच तोंडात जाते. एखाद्या मुलाच्या घशात काही अडकलेच आणि ते जोरात खोकत असेल, तर त्याला खोकू द्यावे. खोकता किंवा बोलता येत नसेल, तर मदतीसाठी हाक मारत त्याला पुढे वाकवून पाठीवर दोन खवाट्यांच्या मधोमध तळहाताने पाच जोरदार थापा माराव्यात, त्याने भागले नाही तर एक वर्षावरील मुलाच्या मागे उभे राहून बेंबीच्या वर पोटावर आत व वरच्या दिशेने पाच झटके द्यावेत, आणि वस्तू निघेपर्यंत हे दोन्ही आलटून पालटून करावे. हे मी ब्रेकच्या कारखान्यातल्या प्रथमोपचाराच्या वर्गात शिकलो आणि प्रत्येक आईबापाने ते शिकावे अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मोठ्या सभागृहांतल्या वाढदिवसांना काही सजावटवाले कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरवर चालणारी यंत्रे आणतात. त्या सिलिंडरमधला दाब आपल्या हवामानात साठ किलोंच्या पुढे असतो. ती यंत्रे चालवणारा माणूस प्रशिक्षित आहे का, आणि सिलिंडर साखळीने बांधला आहे का, एवढे तरी यजमानांनी विचारावे.

बाजारातल्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले, ही चांगली गोष्ट झाली. घरी केलेल्या वस्तूवर असे चिन्ह येणार नाही आणि तिथे कोणी निरीक्षकही येणार नाही. म्हणून नागदेवी स्ट्रीटवरील व अन्य ठिकाणच्या पाइपविक्रेत्यांना माझी विनंती आहे की कोणी चार इंची पाइप, टोपण, बॉल व्हॉल्व्ह आणि टायरचा व्हॉल्व्ह एकाच वेळी मागितला, तर हे सामान कशासाठी लागते हे त्याला विचारावे आणि हवा कोंडण्यासाठी असेल तर ते देऊ नये. आपल्या दैनिकाने सुट्टीच्या दिवसांत मुलांच्या पानावर ब्लोअरच्या तोफेची कृती छापावी, अशीही विनंती करतो. सोबत मी काढलेली आकृती जोडली आहे. तीत तोटीचे तोंड फाट्याच्या पुढे कुठवर यावे, ती जागा लाल पेन्सिलीने दाखवली आहे. छपाईत तो रंग येणार नसेल, तर तिथे बाण अवश्य काढावा.

आपला,
एक निवृत्त ब्रेक फिटर
लालबाग, मुंबई